प्रति: नॅनो-लोह आणि भूजल

डिस्टिल्ड वॉटरमध्ये नॅनो-लोहाने (लोहाच्या अतिसूक्ष्म कणांनी) ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे भूजल दूषित करणारं औद्योगिक द्रावक, झपाट्याने मोडलं, म्हणजे हे कण विहिरीतून जमिनीखाली सोडले तरी तसंच होणार, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. गोची इथेच आहे. भूजलात पालापाचोळा कुजून आलेली ह्युमिक आम्लं असतात. ती लोहकणांना चिकटून अभिक्रियेच्या जागाच अडवतात, वेग मंदावतो.

पण ह्युमिक आम्लांना सरसकट खलनायक ठरवू नका. लोहाचे हे कण चुंबकीय. त्यांच्या गुठळ्या होतात नि ते वाळूत, ज्या विहिरीतून सोडले तिच्या आसपासच अडकतात. ह्युमिकचा ऋणभारित थर त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो, म्हणून ते पुढे सरकतात. पाणी दुष्फेन असेल तर मात्र कॅल्शियम त्या थरांनाच जोडतं, की पुन्हा गुठळ्या! अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सुवानी नदीचं प्रमाणित सेंद्रिय द्रव्य (प्रयोगशाळांत ह्युमिक द्रव्याचा ठरावीक नमुना म्हणून वापरतात ते) घालून केलेली चाचणी तुलनेला ठीक, पण तिच्यात तुमच्या विहिरीचं कॅल्शियम नसतं.