विषय निवडताना पुढच्या वाटा

एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे नीट पीजीच्या गुणांवर जी शाखा मिळेल ती आधी घ्यावी, सुपरस्पेशालिटीचे नंतर पाहता येईल, हा सल्ला मला अर्धाच पटतो. डीएम (औषधोपचाराच्या शाखांत) किंवा एमसीएच (शस्त्रक्रियेच्या शाखांत) या सुपरस्पेशालिटीच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना कोणत्या विषयातील एमडी-एमएस या पदव्युत्तर पदवीनंतर प्रवेश मिळतो, हे नियमांनी ठरलेले आहे. हृदयरोगशास्त्रात डीएम करायचे असल्यास मेडिसिन, बालरोग किंवा श्वसनरोग यांपैकी एका विषयात एमडी असावी लागते. रेडिओलॉजी घेतलेल्याला ती वाट बंद असते, मग त्याचे गुण कितीही असोत. भूलशास्त्र मात्र अनेक जण दुय्यम मानतात, ते उगाच, कारण त्यातून क्रिटिकल केअरच्या (अतिदक्षता उपचारांच्या) डीएमला जाता येते आणि अतिदक्षता विभागाची आवड असलेल्याला तो मेडिसिनइतकाच सरळ मार्ग आहे.