मदत हवी आहे: कॅल रॉलीला ठेवू की देऊन टाकू? (फँटसी बेसबॉल, मोसम २०२६)

मरिनरवेडी

जाणकारांनो, मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे. (नवख्यांसाठी: फँटसी म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपली कागदावरची टीम, त्यांच्या खऱ्या आकड्यांवर आपली हारजीत.) २२ मार्चच्या रविवारी आमचा ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडणं, आहे. कीपरांची, म्हणजे गेल्या वर्षीच्या टीममधून राखायच्या खेळाडूंची, नावं त्याच्या आधीच्या गुरुवारपर्यंत द्यायची आहेत. त्यात एकाने ट्रेडची ऑफर टाकून डोकं खाल्लंय.

आधी लीगबद्दल. ऑफिसातली बारा टीमांची लीग, हेड-टू-हेड, दर आठवड्याला दहा कॅटेगरी. बॅटिंगमध्ये रन, होमर (होम रन), आरबीआय (आपल्या बॅटिंगवर आलेले रन), स्टील (बेस चोरणं), ॲव्हरेज. पिचिंगमध्ये विन, सेव्ह (आघाडी राखून सामना संपवणं), स्ट्राइकआउट, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरचे रन), व्हिप (इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक). गेल्या वर्षीचे तीन खेळाडू ठेवता येतात. ज्या राउंडात घेतला होता त्याच्या एक राउंड आधीची आपली पिक (निवडीची पाळी) त्याच्यापायी जाते.

माझ्याकडे कॅचर कॅल रॉली (आता सहावा राउंड), बॅटर हुलिओ रॉड्रिगेझ (पहिला), पिचर ब्रायन वू (दहावा), क्लोझर म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा पिचर आंद्रेस मुन्योस (सातवा) आणि पिचर लोगन गिल्बर्ट (दुसरा) आहेत. हो, सगळे सिॲटलचे. मी सिॲटलशेजारी बेलव्ह्यूला राहते, इथली टीम मरिनर्स सोडून दुसरं काही बघत नाही, आणि ऑफिसात यावरून यथेच्छ टिंगल होते. तरी गेल्या वर्षी याच टीमने मला फायनलला नेलं, त्यामुळे टिंगल करणाऱ्यांनी जरा जपून.

ऑफर अशी: रॉली आणि मुन्योस द्या, कॅन्सस सिटीचा बॉबी विट ज्युनियर घ्या.

माझं घोडं इथेच अडलंय. कॅलने गेल्या वर्षी ६० होमर मारले. कॅचरने! त्याआधीचा कॅचरचा विक्रम साल्व्हाडोर पेरेझचा ४८, २०२१ सालचा. दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांत मिकी मँटलचा १९६१चा ५४चा आकडा मागे पडला, आणि आमच्या घरच्या देवाचा, केन ग्रिफी ज्युनियरचा ५६सुद्धा. ग्रिफीच्या वेळी घरचं मैदान किंगडोम, बंद छपराचं. आत्ताच्या मैदानावर समुद्राकडून येणाऱ्या गार हवेत उंच गेलेला चेंडू कुंपणाआधीच मान टाकतो. तिथे खेळून साठ! एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू) मात्र यांकीजचा ॲरन जज घेऊन गेला. जजची ॲव्हरेज ३३१ (हजारामागे ३३१ हिट) होती, कबूल. पण १२० च्या आसपास सामन्यांत गुडघे मोडून मागे बसायचं, उरलेल्यांत डीएच (फक्त बॅटिंग करणारा) म्हणून उतरायचं, असे १५९ सामने खेळून साठ मारणाऱ्याला दुसरा नंबर? यावर मी आता भांडत नाही. (भांडते.)

भीती पुढच्या वर्षाची आहे. साठ गाठलेल्यांचं पुढच्या मोसमात काय झालं ते काढून बसले. मॅरिस ६१ वरून ३३. बाँड्स ७३ वरून ४६. जज ६२ वरून ३७, कारण डॉजर्सच्या मैदानात भिंतीला धडकून पायाचं बोट दुखावलं आणि १०६ सामनेच मिळाले. बेब रुथ, मॅग्वायर आणि सोसा तेवढे पहिल्यांदा साठ गाठल्यावर लगेच फारसे घसरले नाहीत. आणि पेरेझ, तोही कॅचरच, ४८ वरून २३, अंगठ्याची शस्त्रक्रिया. कॅलचे आधीचे आकडे २७, ३०, ३४. म्हणजे चढता आलेख आहे, पण ३४ आणि ६० मध्ये दरी केवढी! त्यातही गेल्या वर्षीचे ३८ मोसमाच्या मध्यावरच्या ऑल-स्टार सामन्याआधीच झाले होते, नंतर २२.

शिवाय ॲव्हरेज २४७ आणि १८८ स्ट्राइकआउट. ज्या आठवड्यात तो थंड असतो त्या आठवड्यात माझी ॲव्हरेज कॅटेगरी सोमवारीच गेलेली असते. उलट विट २५ वर्षांचा, शॉर्टस्टॉप. २०२४ ला ३३२ ची ॲव्हरेज, ३२ होमर आणि ३१ स्टील. गेल्या वर्षी होमर कमी झाले, पण स्टील वाढले.

हुलिओबद्दल मला सल्ला नको, त्याला मी सोडणार नाही. एप्रिल-मेमध्ये तो जीव खातो आणि ऑगस्टमध्ये पेटतो, हे इथे लहान पोरांनाही माहीत आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चार सामन्यांत १७ हिट मारून त्याने जवळजवळ शंभर वर्षं जुना विक्रम मोडला होता. गेल्या वर्षी पुन्हा ३२ होमर, ३० स्टील.

तर प्रश्न दोन. ट्रेड घेऊ का? आणि नाही घेतला तर तिसरा कीपर वू की मुन्योस? कृपया ‘मनाला वाटेल ते कर’ असं लिहू नका. मनाला काय वाटतं ते मला माहीत आहे.

गल्लीक्रिकेट

यातलं अर्धं कळलं नाही, पण शेवटपर्यंत वाचलं. विट म्हणजे इंग्लंडचा कोणी बॉलर असेल असं वाटलं होतं. वाचतोय, चालू द्या.

टोरोंटोकर

आमच्या टोरोंटोच्या स्प्रिंगरला घ्या की. ऑक्टोबरमध्ये उपयोगी पडतो असं ऐकलंय. 😄

मरिनरवेडी

@टोरोंटोकर, तुमची वाटच बघत होते. ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबरला, तुमच्याविरुद्ध सातवा सामना, जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला. फराळाचं ताट समोर आणि ३-१ ने पुढे. हुलिओचा होमर, कॅलचा होमर. सातव्या इनिंगमध्ये वूने एक वॉक, एक हिट दिली, मग बंट (हलकेच टोलवलेला चेंडू), आणि आमच्या साहेबांनी, मॅनेजर डॅन विल्सनने, पिचर बझार्डोला आणलं. ३८ सेव्ह आणि १.७३ ईआरए वाला मुन्योस बुलपेनमध्येच (राखीव पिचरांच्या जागी)! क्लोझर नवव्या इनिंगसाठी राखायचा म्हणे. नववी इनिंग आली तेव्हा राखायला काही उरलंच नव्हतं. स्प्रिंगरने तीन रनांचा होमर मारला, ४-३. शेवटचा आउट हुलिओ, आणि त्याच्यामागे बॅट घेऊन कॅल उभा. विल्सन १९९५ च्या टीममधला आमचा लाडका कॅचर, त्यामुळे त्याला फार बोलवतही नाही. पण ती इनिंग मी विसरणार नाही.

तुमचंही पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सनी सातव्या सामन्यात अकराव्या इनिंगपर्यंत ताणून काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही निदान तिथवर पोचलात. आजवर वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेली टीम एकच, आणि तिचं नाव मला सांगायला लावू नका.

खानदेशी_कॅचर

जळगावला शाळेत आणि नंतर कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, जागा कॅचरची. आपल्याकडे सॉफ्टबॉल किती मन लावून खेळतात हे बाहेर फारसं माहीत नसतं. मेजर लीगशी तुलना करायचा आगाऊपणा करत नाही, पण मागे बसणं म्हणजे काय ते थोडं सांगू शकते.

गुडघ्यांचं सगळे बोलतात. खरा त्रास हाताचा. बॅटला निसटता लागलेला चेंडू दिशा बदलून येतो आणि ग्लोव्हच्या तळव्याऐवजी अंगठ्याच्या मुळाशी बसतो. सुजला तरी टेप लावून खेळता, मागे पकडता येतं. पण बॅट धरली की मुठीत जोर येत नाही. बॅटचा झोका तोच, चेंडू मात्र आठ-दहा पावलं अलीकडे पडतो. पेरेझचं तुम्ही लिहिलंत तेव्हा तेच आठवलं. म्हणून कॅलच्या बाबतीत त्याचं वय (२९) मला तितकं खटकत नाही, १५९ सामने खटकतात. यंदा त्यात वर्ल्ड बेसबॉल क्लासिकही आलं, तो अमेरिकेकडून खेळणार. मोसम सुरू व्हायच्या आधीच तणावाचे सामने.

आणि यंदापासून बॉल-स्ट्राइकला चॅलेंज आहे, ते विसरू नका. आपल्या डीआरएससारखंच, पण मागायचं फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरने, लगेच, डोक्यावर थाप मारून. डगआउटमधून खाणाखुणा चालत नाहीत. टीमला दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. यात भाव वाढणार तो कॅचरचा, कारण सगळ्यात जवळून तोच बघतो. फँटसीत त्याचे गुण नाहीत, पण बॅटिंगला उभा राहिल्यावर स्ट्राइक झोन कॅलइतका कोणाला पाठ असणार? खालचा चेंडू स्ट्राइक दिला की तो डोक्यावर थाप मारणारच. माझा अंदाज, ॲव्हरेज थोडी वर जाईल.

माझं मत: ठेवा. मुन्योस की वू त्यातलं मला कळत नाही.

जुना_खेळिया

मरिनरवेडीताई, तुम्ही सगळे आकडे काढलेत आणि जो आकडा महत्त्वाचा तो कंसात टाकून पुढे गेलात. राउंड!

कॅल तुम्हाला सहाव्या राउंडात पडतोय. बाकीचे अकरा जण सहाव्या राउंडात काय घेणार? कुठला तरी बरा सेकंड बेसमन. विट तुम्हाला कितीला पडेल? समोरच्याने त्याला नक्कीच पहिल्या राउंडात घेतला असणार, म्हणजे पहिल्यालाच. हुलिओही पहिल्यालाच. एका राउंडात दोघं कसे ठेवणार? तुमच्या नियमात काय आहे ते आधी बघा. काही लीगमध्ये दुसऱ्याला पुढच्या राउंडात ढकलतात, काही ठिकाणी सरळ परवानगीच नसते.

ढकलता येतं असं धरू. मग विट आणि हुलिओ मिळून पहिल्या दोन पिक गेल्या. ट्रेड नाही केला तर हुलिओ पहिला, कॅल सहावा, आणि दुसऱ्या राउंडाची पिक तुमच्या हातात. म्हणजे तुलना ‘कॅल की विट’ अशी राहतच नाही. एका बाजूला कॅल, दुसऱ्या राउंडातला एखादा तगडा बॅटर आणि मुन्योस. दुसऱ्या बाजूला विट आणि सहाव्या राउंडातलं जे मिळेल ते. समोरचा माणूस हुशार आहे, त्याला हे कळलेलं आहे. अशा माणसाबरोबर चहा प्यावा, ट्रेड करू नये.

आता साठचं. साठ विसरा, चाळीस धरून हिशेब करा. पस्तीस धरा हवं तर. बाकीच्यांच्या कॅचरने वीस मारले तरी पेढे वाटतात. त्या जागेवर तुम्ही दर आठवड्याला पुढेच असता. आणि डीएचमुळे तो बसत नाही, हा फायदा वेगळाच. इतर कॅचर आठवड्यात दोन दिवस बाकावर असतात. ॲव्हरेजची तक्रार रास्त आहे, तेव्हा दुसऱ्या राउंडात ॲव्हरेजवाला घ्या.

तिसरा कीपर वू. दहाव्या राउंडात असा पिचर मिळत नाही. गेल्या वर्षी पहिल्या पंचवीसच्या पंचवीस सामन्यांत किमान सहा इनिंग आणि दोनपेक्षा जास्त वॉक नाहीत. असं आधी कोणी केलेलं नव्हतं. दर आठवड्याला व्हिप घरात आणून ठेवतो. सप्टेंबरमध्ये छातीचा स्नायू दुखावला होता, ती एक शंका आहे. स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (मोसमाआधीच्या सरावात) त्याचा वेग बघा. नेहमीसारखा ताशी ९५-९६ मैल दिसला तर डोळे मिटून ठेवा.

क्लोझरवर सातवा राउंड घालवणं मला कधीच पटलेलं नाही. क्लोझर मे महिन्यात फुकट मिळतात, कोणी ना कोणी दुखावतोच.

टोरोंटोकर

जुना_खेळिया यांच्याशी सहमत, एक सोडून. सगळे क्लोझर सारखे नसतात. मुन्योसचा स्लायडर (वळणारा चेंडू) मी जवळून भोगलाय. तो ड्राफ्टमध्ये परत सातव्या राउंडापर्यंत राहणार नाही. ठेवायचा नसेल तर आत्ताच कोणाला तरी द्या आणि बदल्यात पिक मागा. फुकट सोडू नका.

गल्लीक्रिकेट

आता तीन चतुर्थांश कळलं. जॉश नेलर म्हणून कोणी जाडजूड मनुष्य तुमच्याकडे चोऱ्या करतो म्हणे, त्याचं काय?

मरिनरवेडी

@गल्लीक्रिकेट, वा, तुम्ही तर थेट मुद्द्यावर! नेलर आमचा फर्स्ट बेसमन. पळायला लीगमधल्या सर्वांत संथ लोकांपैकी एक, आणि तरी गेल्या वर्षी ३० स्टील. आमच्याकडे आल्यावर १९ पैकी १९. पिचरचा खांदा कधी वळतो ते बघून आधीच निघतो, पळत बिळत नाही. आता पाच वर्षांसाठी राहिलाय. पोलँको मात्र मेट्सकडे गेला. टायगर्सविरुद्ध पंधराव्या इनिंगमध्ये ज्याने सामना काढून दिला त्याला जाऊ दिलं, यावर वेगळा धागा काढेन.

@खानदेशी_कॅचर, अंगठ्याचं लिहिलंत ते वाचून आता मी प्रत्येक फाउल टिपला कॅलच्या हाताकडे बघणार, धन्यवाद म्हणू की काय! चॅलेंजचं माझ्या डोक्यातच नव्हतं.

@जुना_खेळिया, आमच्या लीगच्या कमिशनरला विचारलं. तुम्ही म्हणालात तसंच, दोघं पहिल्या राउंडाचे असतील तर दुसरा माणूस दुसऱ्या राउंडात ढकलला जातो. म्हणजे ऑफर घेतली असती तर हुलिओ आणि विट यांच्यापायी पहिली आणि वर दुसरी पिकही गेली असती. ऑफर नाकारली. रॉली, हुलिओ, वू ठरले.

टोरोंटोकर म्हणाले ते पटलं, म्हणून त्याच माणसाला उलट ऑफर टाकली आहे: मुन्योस घे, तुझी चौथ्या राउंडाची पिक दे, माझी नववी घे. त्याने ‘बघतो’ एवढंच लिहिलंय. त्याच्याकडे क्लोझर एकही नाही, त्यामुळे शनिवारपर्यंत मी गप्प बसणार आहे. तोवर कोणाला दुसऱ्या राउंडात मिळण्यासारखा चांगल्या ॲव्हरेजचा बॅटर सुचत असेल तर लिहा. यांकीजचा नको. ॲस्ट्रोजचा तर नकोच.