टीमक्सचं सेशन गायब, काम मात्र चालू आहे. लवकर सांगा

संत्रावाला
दूरच्या मशीनवर टीमक्समध्ये (नेट तुटलं तरी आतलं काम चालू ठेवणारा प्रोग्राम) काम लावलं होतं, दुपारी नेट गेलं. परत आल्यावर एसएसएचने मशीनवर लॉगिन केलं, सेशनची यादी पाहायला टीमक्स एलएस मारलं, तर ‘नो सर्व्हर रनिंग’ म्हणून राहिलं. सहा विंडो होत्या यार. ३१ तास झाले काम लावून. उद्या सकाळी ११ ला दाखवायचं आहे. सेशन परत कसं आणू? फोनवरून लिहून राहिलो, कीबोर्ड मराठीच आहे, कमांड समजून घ्या.

धरमपेठकर
कसलं काम? मशीन घरचं की भाड्याचं? लिनक्स कोणतं? आणि मेसेज अर्धा नको. ‘नो सर्व्हर रनिंग ऑन’च्या पुढे जे येतं तेच कामाचं असतं.

जुनं_खोड
म्हणून आम्ही स्क्रीन वापरतो, टीमक्ससारखाच पण जुना प्रोग्राम. १९८७ पासून आहे. कंट्रोल-ए, डी दाबायचं, घरी जायचं, जेवायचं, झोपायचं. सकाळी स्क्रीन -आर. संपला विषय.

कोथरूडचा
नोहप (लॉगआउट झालं तरी काम चालू ठेवणारी कमांड) लावून काम सोडलं असतं आणि आउटपुट फाइलमध्ये घेतलं असतं तर हा धागाच निघाला नसता. सहा-सहा विंडो लागतात कशाला?

संत्रावाला
अहो पण काम मेलं नाही! टॉपमध्ये (चालू कामांची यादी) दिसते ना, सीपीयू ३८० टक्के खाऊन राहिलं. भाड्याचं मशीन आहे, उबुंटू १८.०४. काटोलकडच्या एका संत्राबागेचे ड्रोनने काढलेले ४२०० फोटो जोडून नकाशा बनवतोय. मेसेज असा: नो सर्व्हर रनिंग ऑन /टीएमपी/टीमक्स-१०००/डिफॉल्ट. नोहपचं पुढच्या वेळी पाहू, आत्ताचं सांगा.

धरमपेठकर
मला वाटलं सिस्टमडीने (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) लॉगआउट होताना सगळं मारलं असेल. २०१६ मध्ये २३० व्या आवृत्तीपासून ते तसं करायला लागलं होतं, पण उबुंटूत ते बंदच ठेवलेलं असतं. आणि तुझं काम जिवंत आहे, म्हणजे ते नाहीच.

तर्रीवाला
@जुनं_खोड काका, रेड हॅट लिनक्सने ८ व्या आवृत्तीत स्क्रीन काढून टाकलं. आणि कंट्रोल-ए दाबून ओळीच्या सुरुवातीला जायची आमची सवय तुमचं स्क्रीन गिळून टाकते.

जुनं_खोड
काढलं तरी एपेल नावाच्या जादा पॅकेजच्या साठ्यातून घेता येतं. कंट्रोल-ए नंतर नुसता ए दाबायचा, कर्सर जातो सुरुवातीला. तुमच्या टीमक्सचं कंट्रोल-बी तरी काय करतं? एक अक्षर मागे जायची कळ आहे ती, तीही गिळलीच ना? दोघं सारखेच चोर.

फुटाळा_फास्ट
एसएसएचच्या जागी मॉश टाक. नेट गेलं, वायफाय बदललं तरी तुटत नाही. यूडीपीचे ६०००० ते ६१००० पोर्ट उघडे ठेव फक्त.

तर्रीवाला
मॉशने कनेक्शन टिकेल बे, हरवलेलं सेशन कसं सापडेल?

बर्डी_इलेक्ट्रिक
नेट लाइट गेल्यामुळे गेलं का? मे महिन्यात कूलर आणि राउटर एकाच इन्व्हर्टरवर ठेवू नका, कूलरच सगळी बॅटरी पितो. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा मिळतो.

संत्रावाला
लाइट होती. नेटच गेलं होतं. कोणी मुद्द्याचं सांगेल का?

मिहानवाली
/टीएमपी साफ करणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टने सॉकेटची फाइल उडवली असेल. तसं होतं. सर्व्हर चालू राहतो, पण त्याच्यापर्यंत जायचा रस्ता पुसला जातो. त्याला यूएसआर१ सिग्नल दिला की तो सॉकेट पुन्हा तयार करतो: पीकिल -यूएसआर१ टीमक्स. मधलं यूएसआर१ विसरू नकोस बरं, नाहीतर ३१ तास पाण्यात.

संत्रावाला
केलं ताई. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं. आता?

मिहानवाली
थांब, काही करू नकोस. स्वतःच्या प्रोसेसला सिग्नल द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणजे तो टीमक्स तुझा नाहीच. पीएस ऑक्स मारून टीमक्सच्या ओळीत पहिलं नाव कोणाचं आहे ते सांग.

संत्रावाला
रूट.

मिहानवाली
म्हणजे मशीनचा मुख्य युजर. सुडो, म्हणजे रूटचे अधिकार देणारी कमांड, लावून सुरू केलं होतंस?

संत्रावाला
हो, मग? नकाशा ज्या डिस्कवर लिहायचा तिथे सुडोशिवाय लिहू देत नाही. ते तर सगळेच करतात ना.

मिहानवाली
सगळे नाही करत. आणि हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतंस. टीमक्स दर युजरचं सॉकेट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. तुझा नंबर १०००, म्हणून टीमक्स-१०००. रूटचा नंबर ०, त्याचं टीमक्स-० मध्ये. माझा सॉकेट उडाल्याचा अंदाज चुकला, काहीच उडालेलं नाही. तू आपल्या घरात शोधून राहिलास आणि सेशन बसलंय शेजारी. सुडो टीमक्स एलएस कर. काका, तुमच्या स्क्रीनमध्येही हेच झालं असतं. सुडोने सुरू केल्यावर नुसत्या स्क्रीन -एलएसला काही दिसलं नसतं.

जुनं_खोड
आम्ही सुडोने सुरूच करत नाही.

संत्रावाला
आलं आलं आलं!! सहाच्या सहा विंडो आहेत. पण अटॅच केलं तर डाव्या कोपऱ्यात चिमूटभर स्क्रीन आणि बाकी सगळे ठिपके. लॅपटॉप खराब झाला काय?

धरमपेठकर
लॅपटॉपला काय होतंय. एलएसच्या ओळीत शेवटी ‘अटॅच्ड’ होतं का?

संत्रावाला
होतं. अरे हो, दुपारी नेट जायच्या आधी फोनवरून पण जोडलं होतं. ते लिहायचं राहिलं.

धरमपेठकर
धन्य आहे तुझी. तुझा फोन केव्हाच तुटला, पण सर्व्हरला ते कळलेलं नाही. १८.०४ मधलं टीमक्स २.६ आहे. जोडलेल्यांपैकी सर्वांत लहान स्क्रीनच्या मापाने ते चित्र काढतं, उरलेली जागा ठिपक्यांनी भरतं. कंट्रोल-बी, डी दाबून बाहेर ये, मग सुडो टीमक्स अटॅच -डी. ते -डी बाकी सगळ्यांना हाकलतं.

मिहानवाली
आणि काम संपल्यावर डिस्कवरचा तो फोल्डर चाऊनने आपल्या नावावर कर. मग सुडोची गरजच नाही. पुढचं सेशन न्यू -एस लावून नावाने सुरू कर. नुसतं ० पाहून उद्या तुलाच आठवणार नाही आत काय आहे.

फुटाळा_फास्ट
आणि मॉश.

संत्रावाला
ठिपके गेले. ४२०० पैकी ३६१२ फोटो झालेत. ताई, एक तर्री पोहे माझ्याकडून. पण पाचव्या विंडोत आता पाहिलं, डिस्क ९७ टक्के भरली म्हणून राहिलं. त्याचा वेगळा धागा काढू का?

धरमपेठकर
इथेच विचार. पण आधी डीएफ -एचचं आउटपुट टाक. पूर्ण.