सिग्नलचा आणि वेगाचा कॅमेरा: निवेदनात नेमकं काय मागायचं?

विजापूररोड_१३
सोलापुरातल्या विजापूर रोड आणि होटगी रोडवरच्या काही सोसायट्या मिळून महापालिका आणि वाहतूक शाखेला निवेदन देत आहोत. लाल दिवा तोडणाऱ्यांवर आणि सुसाट जाणाऱ्यांवर कॅमेऱ्याने कारवाई व्हावी, ही मागणी आहे. पण नुसतं ‘कॅमेरे बसवा’ लिहिलं तर खांब उभे राहतील आणि चुकीची चलनं सुरू होतील. आपल्याकडे एकाच चौकात ट्रक, रिक्षा, दुचाक्या, कर्नाटक पासिंगच्या गाड्या आणि गाळपाच्या हंगामात उसाचे डबल ट्रेलर असतात. अशा ठिकाणी कॅमेरा बरोबर चालायला आधी काय जागेवर हवं? आणि आलेलं चलन बरोबर की चूक, हे कशावरून कळतं? जाणकारांनी आकड्यांसह सांगावं.

सिग्नल_पेटी
मालक, सगळ्यात आधी पिवळा दिवा मोजा. मोबाइलवर व्हिडिओ काढला की सेकंद सहज मोजता येतात. हिशेब असा: चालकाला दिवा दिसून ब्रेक लावायला १ सेकंद, त्यात वेग भागिले ब्रेकिंगच्या दुप्पट मिळवायचं. वेग मीटर प्रति सेकंदात घ्या; ब्रेकिंग म्हणजे ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला हा वेग कितीने उतरतो ते. ताशी ५० किमी म्हणजे १३.९. कारचं ब्रेकिंग सुमारे ३ धरलं तर १ + १३.९/६ म्हणजे ३.३ सेकंद. भरलेल्या ट्रकचं २ धरा, उत्तर ४.५ येतं. जड वाहनांच्या रस्त्यावर पिवळा २ किंवा ३ सेकंदांचा ठेवून कॅमेरा लावला, तर ज्याला थांबणं शक्यच नव्हतं त्याचंही चलन निघेल. हा मुद्दा निवेदनात पहिला घ्या. कॅमेऱ्यावर खर्च करण्याआधी फुकटात होणारी ही दुरुस्ती आहे.

दुसरं, दिवा लाल झाला हे कॅमेऱ्याला कळतं कसं ते विचारा. दोन पद्धती आहेत. एकीत सिग्नलच्या कंट्रोलर पेटीतून थेट वायर येते. दुसरीत कॅमेरा दिव्याचं चित्र पाहून रंग ओळखतो. दुसरी स्वस्त पडते, पण मावळतीचं ऊन दिव्यावर आलं, एलईडी अर्धा गेला किंवा वाढदिवसाचा फ्लेक्स आडवा आला की चुकते. वायरचाच आग्रह धरा.

तिसरी गोष्ट थांबरेषा. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक काल्पनिक रेषा आखलेली असते. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला आणि पट्टा दीड मीटर पुढे-मागे रंगवला गेला, तरी सॉफ्टवेअरमधली रेषा जुन्याच जागी राहते. म्हणून प्रत्येक डांबरीकरणानंतर फेरजुळणी करण्याची अट घाला. जिथे डावीकडे वळायला मुभा असल्याचा फलक आहे, ती लेन वेगळी वगळावी लागते.

आणि उसाचा डबल ट्रेलर. ट्रॅक्टरने हिरव्यात रेषा ओलांडलेली असते, पण मागचा ट्रेलर रेषेवर येईपर्यंत लाल लागतो. कॅमेरा वाहन मागून टिपत असेल तर त्याला हा गुन्हाच दिसतो. त्यामुळे लाल दिव्यात वाहनाची पुढची चाकं रेषेच्या अलीकडे असल्याचा एक फोटो आणि पलीकडे गेल्याचा दुसरा, दोन्हींत दिवा दिसणारा, एवढं असल्याशिवाय चलन नको. सोबत काही सेकंदांचा व्हिडिओ असेल तर वादच राहत नाही.

नंबरप्लेट_वाचक
वरच्या उत्तरात प्लेटचा भाग राहिला. दुचाकीची पुढची प्लेट फार लहान असते, म्हणून दुचाक्या मागूनच टिपाव्या लागतात. म्हणजे एका दिशेला किमान दोन कॅमेरे: एक सगळा देखावा घेणारा, एक फक्त प्लेट वाचणारा. प्लेटवाल्याचा शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद हवा, नाहीतर धावत्या गाडीचे आकडे पुसट येतात. रात्रीसाठी इन्फ्रारेड दिवा लागतो. कॅमेरा फार तिरका लावला तर अक्षरं दबतात. आडवा-उभा कोन ३० अंशांच्या आत ठेवणं बरं.

चुका ठरलेल्या आहेत: ८ आणि बी, ० आणि डी, १ आणि ७. आपल्यासाठी सगळ्यात घातक ३ आणि ८ ची गल्लत. एमएच १३ म्हणजे सोलापूर, एमएच १८ म्हणजे धुळे. प्लेटवर चिखल असेल तर चलन भलत्याच जिल्ह्यात जातं. यावर उपाय म्हणजे वाचलेला नंबर वाहन नोंदणीशी ताडून गाडीचा प्रकार, मेक आणि रंग फोटोशी जुळतो का ते माणसाने पाहणं. नोंदीत पांढरी कार आणि फोटोत काळी मोटारसायकल असेल तर ते चलन तिथेच थांबलं पाहिजे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे, तिचं वाचन चांगलं होतं. कलाकुसरीचे आकडे कोणतंच यंत्र नीट वाचत नाही, तिथे पोलिसांनी हातानेच कारवाई करावी.

वेगमापन
वेगाबद्दल. रडार रस्त्याला तिरकं लावतात, त्यामुळे ते खऱ्या वेगापेक्षा कमी मोजतं आणि यंत्र कोनाचा हिशेब करून तो वाढवून दाखवतं. यंत्रात २५ अंश भरले आणि खांब हलून खरा कोन २२ झाला, तर ताशी ८० ची गाडी जवळपास ८२ दिसते. वाऱ्याने डुलणारा बारीक खांब म्हणूनच चालत नाही.

दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर कापायला लागलेल्या वेळेवरून सरासरी वेग काढायची पद्धत मला जास्त पटते, कारण कॅमेऱ्यापुढे ब्रेक मारून पुढे पुन्हा पळणारे त्यात सापडतात. पण अंतर पुरेसं हवं. ५ किमी ताशी १०० ने कापायला १८० सेकंद लागतात. घड्याळांत १ सेकंदाचा फरक पडला तर चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तेच ५०० मीटरवर ताशी ६० ने केलं तर ३० सेकंद, आणि चूक ३ टक्क्यांच्या वर. शहरात हे जमणार नाही. पुणे किंवा हैदराबादच्या दिशेच्या महामार्गावर जमेल.

मर्यादा कारला आणि ट्रकला एक नसते. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला कमाल १००, मालवाहू गाडीला ८०; महापालिका हद्दीत ७० आणि ६०. स्थानिक फलक याहून कमी असू शकतो, तेव्हा फलकच लागू. यंत्राने गाडीचा वर्ग चुकवला तर बरोबर मोजलेल्या वेगाचंही चलन चुकतं. रडारची वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाकडून झालेली पडताळणी आणि शिक्का, दोन्ही मागा.

कलम_१३६अ
कायद्याचा आधार मोटार वाहन अधिनियमाचं कलम १३६अ (यंत्राने देखरेख आणि कारवाई) आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७अ, जो ११ ऑगस्ट २०२१ ला आला. त्यातल्या अशी यंत्रं लावायच्या १३२ शहरांच्या यादीत सोलापूर आहे, हे निवेदनात जरूर लिहा. यंत्राला राज्याच्या प्राधिकाऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण होतं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी इशाऱ्याचा फलक बंधनकारक आहे. गुन्ह्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची असते.

चलनात पाहायचं ते हे: गुन्हा आणि नंबर स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने घेतलेलं मोजमाप, तारीख-वेळ-ठिकाण, मोडलेलं कलम, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं. यातलं काही नसेल तर राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तक्रार नोंदवा. तिथे गाडी नंबरासोबत चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे ४ आकडे लागतात. गाडी विकली आणि नाव बदललं नसेल तर नोटीस जुन्याच मालकाला जाते, तेव्हा मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० वेळेत द्या आणि नोंदणीत मोबाइल नंबर चालू ठेवा.

विजापूररोड_१३
फार उपयोगी. एक राहिलं: हवालदार हाताने वाहतूक सोडतात तेव्हा दिवा लालच असतो. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत तर दिवसभर असंच चालतं. तेव्हा काय?

सिग्नल_पेटी
हवालदाराने हाताने इशारा केला की चालकाला तोच पाळायचा असतो, दिव्याकडे पाहायचं नसतं. म्हणून पेटीतलं मॅन्युअलचं बटण कॅमेऱ्याशी जोडून घ्यायला सांगा. बटण फिरलं की चलन बंद, आणि ती वेळ नोंदीत राहील. रात्रीच्या ब्लिंकिंग पिवळ्यालाही हीच जोडणी लागते. हवालदार बटण न फिरवता नुसता हात दाखवतात तेव्हा मात्र यंत्राला काहीच कळत नाही. तिथे तपासणाऱ्याने व्हिडिओत चौकात पोलीस उभा आहे का ते बघून चलन रद्द करायचं. रुग्णवाहिकेला वाट द्यायला रेषेपुढे सरकलेल्या गाड्यांनाही हीच तपासणी लावायला सांगा.