विषय: मेन्लिखेन, रविवार – तिकिटं आज रात्री नोंदवायची आहेत

प्रेषक: शिल्पा (बाडेन)

मंडळी,
स्वित्झर्लंडमधल्या आपल्या मंडळाच्या मेन्लिखेन डोंगरावरच्या सहलीला एकतीस नावं आली आहेत. त्यात भारतातून आलेले आई-बाबा नऊ, सहा वर्षांच्या आतली पाच. ग्रुप तिकीट आधी नोंदवावं लागतं, खिडकीवर आयत्या वेळी एवढ्या लोकांचं जमत नाही. मी ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल ते मेन्लिखेन जाऊन-येऊन धरते आहे. हरकत असेल तर सातच्या आत लिहा. पिकनिक झाल्यावर कुरकुर नको.
शिल्पा

---

प्रेषक: विकास (बर्न)

शिल्पा, थांब! जाऊन-येऊन काढू नकोस. आपण मेन्लिखेनहून क्लायने शायडेगच्या खिंडीत चालत जाणार ना? मग परत वर मेन्लिखेनला कोण येणार आहे? 33 नंबरची पायवाट जवळजवळ सगळी उताराची आहे. वर साधारण 2230 मीटर, शायडेग 2061. साडेचार किलोमीटर, दीड तास. शायडेगहून खाली यायला दातेरी रुळांवरची गाडी. म्हणजे जाताना गोंडोला (दोरावरचा पाळणा), येताना रेल्वे. तिकीट तसं गोल काढायचं.

उलट्या दिशेनं चालू या असं कोणी म्हणणार असेल तर आधीच सांगतो: चढ आहे, आणि आयगर शिखर पाठीमागे राहतं. मान वळवून वळवून फोटो काढत बसावं लागतं.
विकास

---

प्रेषक: शुभदा (बाझल)

विकास, सगळे चालणार आहेत हे कोणी ठरवलं? आमच्या सासूबाई आणि जोगळेकर आजोबा मेन्लिखेनलाच बसणार. तिथे रेस्टॉरंट आहे, बाकं आहेत, मुलांना ते मोठ्या गायीचं खेळायचं मैदान आहे. त्यांना जाऊन-येऊनच तिकीट लागेल. म्हणजे दोन प्रकारची तिकिटं झाली. आणि दुपारी दोन्ही गट भेटणार कुठे?

शिवाय पायवाटेवर मध्ये कुठेही स्वच्छतागृह नाही. एक मेन्लिखेनला, नंतर एकदम शायडेगला. मधुमेहवाल्यांना हे निघण्याआधी सांगायला हवं, वाटेत नव्हे.
शुभदा

---

प्रेषक: अनिकेत (झुरिक)

म्हणूनच मी पहिल्यापासून फर्स्टचा डोंगर आणि तिथलं बाखआल्पझे तळं म्हणत होतो. गोंडोलानं वर, तळ्यापर्यंत चालायचं, त्याच वाटेनं परत, त्याच गोंडोलानं खाली. एकच तिकीट, चुकामूक नाही. ज्यांना चालायचं नाही ते फर्स्टला बसतील. तळं 2265 मीटरवर आहे, फर्स्टपासून तासाभराची वाट. दमदार लोकांना पुढे फाउलहॉर्न शिखरही करता येईल.
अनि

---

प्रेषक: नाना (बर्न)

चि. अनिकेत,
फाउलहॉर्न 2681 मीटर आहे. तळ्यापासून चारशे मीटरची चढण. जुलैच्या सुरुवातीला वरच्या भागात बर्फाचे पट्टे असू शकतात. पिकनिकला आलेल्या माणसांना हे सुचवू नये. मी हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं केलेला माणूस आहे, मला चढाची भीती नाही, पण मंडळाच्या सहलीत जबाबदारी आपली असते.

तुमच्या सहलीत पांढरे सपाट बूट घालून आलेली दोन मंडळी कोण होती, ते सर्वांना माहीत आहे. नावं घेत नाही.

दुसरं. रविवारी आषाढी एकादशी आहे हे कोणाच्या लक्षात आहे का? उपासाचं काय ठरलं?
नाना

---

प्रेषक: अनिकेत (झुरिक)

नाना, त्यातला एक मीच होतो. आता बूट घेतले आहेत.

---

प्रेषक: मंजिरी (लुझर्न)

बाबागाडीचा विचार कोणी केलाय का? विकासची वाट खडीची आहे. मोठ्या चाकांची गाडी ढकलता येते असं म्हणतात, पण आमची शहरातली छोट्या चाकांची आहे, ती तिथे जाणार नाही. आणि दीड तास अकरा किलोचं बाळ पोटाला बांधून मी चालणार नाही, आधीच सांगते.

माझं मत म्युरेन गावाला. लाउटरब्रुनेनहून केबलकारनं ग्रुचआल्पला वर जायचं आणि रुळांच्या कडेनं सपाट वाटेनं म्युरेनपर्यंत चालायचं. मध्ये विंटरएगला गाडी थांबते. जो थकेल तो तिथे गाडीत बसेल. आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिघंही दरीपलीकडे समोर. गावात मोटारी नाहीत. सगळ्यांना एकच तिकीट. यात वाईट काय आहे?
मंजिरी

---

प्रेषक: शिल्पा (बाडेन)

मंजिरी, म्युरेन मे महिन्यात झालं आहे. त्या सहलीला तू नव्हतीस. लोकांनी मेन्लिखेनला नावं दिली आहेत, आता गाव बदललं तर मला पुन्हा एकतीस फोन करावे लागतील. पुढच्या वर्षीचं सहलीचं काम तू घे, आनंदानं देते.

आता मुद्दा तिकिटांचा. विकासचं गोल तिकीट मान्य, शुभदाताईंचं जाऊन-येऊनही मान्य. भेटायचं कुठे ते ठरवा.

---

प्रेषक: विकास (बर्न)

भेटायचं ग्रुंडला. शायडेगची गाडी ग्रुंडला येते, तिथे दिशा बदलते आणि मग वर ग्रिंडेलवाल्ड गावात जाते. आपण ग्रुंडलाच उतरायचं. तिथून गोंडोलाचं टर्मिनल पायी काही मिनिटांवर. मेन्लिखेनवाले गोंडोलानं त्याच टर्मिनलला उतरतात. प्रश्नच नाही.

फक्त शायडेगला गाडीत चढण्याआधी पाटी वाचा. तिथून एक गाडी ग्रिंडेलवाल्डकडे जाते, एक वेंगेनकडे. दोन्ही सारख्याच दिसतात. गेल्या वर्षीचं वेंगेन प्रकरण पुन्हा नको.

---

प्रेषक: शुभदा (बाझल)

वेंगेन प्रकरणात आमच्या सासऱ्यांचा दोष नव्हता. त्यांना "ती गाडी" असं बोट दाखवून सांगणारी व्यक्ती या यादीवर आहे. शिवाय वेंगेन त्यांना फार आवडलं.

आणि पाट्या वाचायच्याच असतील तर सकाळपासून वाचा. इंटरलाकन ओस्टहून निघालेल्या गाडीचे अर्धे डबे त्स्वायल्युचिनेनला वेगळे होऊन लाउटरब्रुनेनला जातात. शेवटच्या मिनिटाला धावत आलेले लोक दिसेल त्या डब्यात शिरतात. जेवण ज्यांच्याकडे आहे त्यांनी तरी डब्यावरचं गाव बघून बसा.

---

प्रेषक: श्रीधर (खजिनदार)

शिल्पा, ग्रुप तिकिटाची घाई करू नकोस. ज्यांच्याकडे हाल्बटॅक्स (अर्ध्या तिकिटाचं कार्ड) आहे त्यांना तसंही अर्धं पडतं. जीएवाल्यांचा (देशभर प्रवासाचा) पास ग्रिंडेलवाल्डपर्यंत चालतो, पुढे वेगळं तिकीट, तेही सवलतीत. राहता राहिले भारतातून आलेले नऊ. त्यांचा हिशेब वेगळा करावा.

आणखी एक अडचण कोणी बोललं नाही. सहा ते सोळा वयाची जी मुलं ज्युनियर कार्डावर आहेत, ती आई किंवा बाबा बरोबर असतील तरच फुकट. आई सासूबाईंबरोबर वर बसली, बाबा घरीच राहिले आणि मुलगा विकासकाकाबरोबर चालत गेला, तर येतानाच्या गाडीत त्या मुलाला तिकीट लागतं. काकाचं नातं तपासनिसाला चालत नाही. गट पाडताना हे बघा. मंडळाच्या पैशातून दंड भरला जाणार नाही.
श्रीधर

---

प्रेषक: नाना (बर्न)

श्रीधररावांचा मुद्दा बरोबर आहे.

एकादशीबद्दल अजून उत्तर नाही. माझं मत असं की ही वाट दिंडीसारखी चालावी. टाळ माझ्याकडे सहा जोड आहेत. निघताना मेन्लिखेनला पुंडलिक वरदे, मग चालताना हरिपाठ.
नाना

---

प्रेषक: अनिकेत (झुरिक)

नाना, टाळ आणा, पण कुरणात वासरांसह गायी असतात. वासराची आई बिथरली तर ती विठ्ठलालाही ऐकणार नाही. गायी दिसल्या की शांतपणे, लांबून जायचं. वासराला हात लावायचा नाही, मुलांना आधीच बजावा. तारेच्या कुंपणाचा आकडा मुठीला धरून काढायचा आणि मागच्या माणसानं परत लावायचा. तारेत वीज असते.

वाटेवरच्या पाटीवरची वेळ न थांबता चालणाऱ्याची असते, त्यात खिचडी धरलेली नाही. आणि पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. जिथे पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसेल तिथून पुढे सपाट बुटांत जायचं नाही. अनुभवातून बोलतोय.

---

प्रेषक: विकास (बर्न)

पट्ट्यांच्या यादीत एक राहिलं: पांढरा-निळा-पांढरा दिसला की मागे फिरा, ते आपलं काम नाही.

जोरदार पाऊस असेल तर? दुपारी वीज कडाडायची शक्यता असतेच, म्हणून सकाळीच वर जायला हवं. मी रविवारी सकाळी सहाला वेबकॅम बघून इथे लिहीन. वर ढगात काहीच दिसत नसेल तर ट्र्युमेलबाख. धबधबे डोंगराच्या पोटात आहेत, पावसाचा फरक पडत नाही.

---

प्रेषक: मंजिरी (लुझर्न)

ट्र्युमेलबाखला चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत. म्हणजे पुन्हा मी आणि बाळ बाहेर. चालू दे.

---

प्रेषक: शिल्पा (बाडेन)

साडेसहा वाजले. ठरलं ते असं. ग्रुप तिकीट रद्द. प्रत्येक घरानं आपापलं काढायचं: चालणाऱ्यांनी टर्मिनल–मेन्लिखेन आणि शायडेग–ग्रुंड, बसणाऱ्यांनी मेन्लिखेन जाऊन-येऊन. नऊ जणांचं श्रीधर बघतील. ज्युनियर कार्डवाली मुलं आपापल्या आई-बाबांच्या गटात, अदलाबदल नाही. मंजिरी, तू शुभदाताईंच्या गटात, गोंडोलात बाबागाडी जाते. ट्र्युमेलबाखची वेळ आली तर बाळाला आळीपाळीनं सांभाळू, तक्रार तेव्हा कर.

खिचडी मी करणार नाही, मागच्या वेळी केली होती.

---

प्रेषक: शुभदा (बाझल)

खिचडी मी आणते, पण मोठी कढई शिल्पाकडेच आहे गणपतीपासून. शनिवारी ओल्टेनला गाडी बदलताना देशील का?

---

प्रेषक: मंजिरी (लुझर्न)

दाण्याचं कूट वेगळ्या डब्यात आणा, खिचडीत घालू नका. आमच्या मोठ्याला दाण्याची ॲलर्जी आहे. बटाटा चालेल.

---

प्रेषक: नाना (बर्न)

कुटाशिवाय खिचडी? मग त्याच्यापुरती वेगळी करा, सगळ्यांना शिक्षा कशाला.

---

प्रेषक: शुभदा (बाझल)

नाना, दोन पातेली करते. लाल झाकणाचं मंजिरीचं, त्यात कोणी चमचा घालायचा नाही. शिल्पा, कढईचं कळव.