मदत हवी आहे : सिलिकाचा साचा विरघळवल्यावर सच्छिद्र कार्बनची नियमित रचना दिसत नाही

सिलिका किंवा सच्छिद्र कार्बन यांवर प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम केलेल्या सभासदांचे मार्गदर्शन हवे आहे.

आम्हाला सीएमके-३ हा कार्बन तयार करायचा आहे. लिथियम-सल्फर बॅटरीत गंधक धरून ठेवण्यासाठी त्याची नियमित, काही नॅनोमीटर रुंदीची छिद्रे उपयोगी पडतात, हे कॅनडातील लिंडा नझर यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले होते. आमची कृती मात्र २००० मध्ये दक्षिण कोरियातील रयोंग रयू यांच्या गटाने दिली तीच आहे.

या कृतीत सच्छिद्र सिलिकाच्या साच्यात कार्बन तयार करून मग सिलिका विरघळवतात. साच्यापर्यंत अडचण नाही. पी१२३ हे पॉलिमर २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून त्यात टीईओएस (सिलिका देणारे संयुग) घातले, ३५ अंश सेल्सिअसला ढवळत ठेवले, मग बंद भांड्यात ८० अंशांवर एक दिवस मुरू दिले आणि शेवटी ५५० अंशांवर पॉलिमर जाळून टाकले. मिळालेल्या साच्याच्या (एसबीए-१५ या सिलिकाच्या) लघुकोनी क्ष-किरण विवर्तनात, म्हणजे छिद्रांची नियमित मांडणी दाखवणाऱ्या चाचणीत, षट्कोनी रचनेची तिन्ही शिखरे स्वच्छ दिसतात.

पुढे १ ग्रॅम सिलिकासाठी १.२५ ग्रॅम साखर, ०.१४ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल आणि ५ ग्रॅम पाणी घेऊन मिश्रण १०० व नंतर १६० अंशांवर तापवले. ०.८ ग्रॅम साखर आणि ०.०९ ग्रॅम आम्ल घेऊन तेच पुन्हा केले आणि नायट्रोजनच्या प्रवाहात ९०० अंशांवर कार्बनीकरण केले. आमच्याकडे हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरण्यास परवानगी नाही (आणि ती नसावी, असेच माझे मत आहे), म्हणून सिलिका काढण्यासाठी निम्मे इथेनॉल व निम्मे पाणी यांतील १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड वापरले. हाती आलेल्या काळ्या भुकटीच्या विवर्तनात एकही ठळक शिखर नाही.

माझा मुख्य संशय जोडपुलांवर आहे. एमसीएम-४१ या दुसऱ्या सच्छिद्र सिलिकामधील नळ्या एकमेकींपासून अलग असल्यामुळे साचा गेल्यावर नळ्यांत तयार झालेल्या कार्बनच्या कांड्या विखुरतात. एसबीए-१५ मध्ये पी१२३ च्या जलस्नेही साखळ्या सिलिकाच्या भिंतीत रुतलेल्या असतात, त्या जळाल्यावर भिंतीत बारीक छिद्रे उरतात आणि त्यांतूनच कांड्यांना जोडणारे कार्बनचे पूल तयार होतात. ८० अंशांवर मुरवल्यामुळे हे पूल अपुरे राहिले असतील का, की दोष छिद्रांत साखर भरण्यातच आहे? साचा काढण्यापूर्वीच्या नमुन्यातही शिखरे क्षीण होती, पण छिद्रे भरली की घनतेतील फरक घटून शिखरे तशीही मंदावतात, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

प्रतिसाद :

पुलांविषयी विचार करण्यापूर्वी सिलिका खरोखर गेली आहे का, हे पाहावे. थोडी भुकटी हवेत तापवून वजनातील घट मोजा. कार्बन जळून गेल्यावर उरणारी पांढरी राख ही बहुतांशी सिलिकाच असते. राख बरीच उरली, तर तुम्ही वर सांगितलेला घनतेचा मुद्दा अंतिम नमुन्यालाही लागू होतो. अशा वेळी ताजे द्रावण घेऊन, गरम करून, धुण्याची क्रिया पुन्हा करावी. इथेनॉल वगळू नये, कारण नुसत्या पाण्याने कार्बन नीट भिजत नाही.

राख नगण्य असेल, तर साचा १०० अंशांवर मुरवून पाहा. त्यामुळे मुख्य छिद्रे रुंदावतात आणि नळ्यांमधील जोडण्याही मोठ्या होतात. साखरेचे प्रमाण मात्र डोळे मिटून उचलू नका. ते साच्याच्या छिद्रांच्या घनफळाला धरून ठरते. ८० अंशांवर मुरवलेल्या साच्यात हे घनफळ कमी असण्याची शक्यता असते, आणि जास्तीची साखर कणांच्या बाहेर साचून तिथे रचनाहीन कार्बन होतो. नायट्रोजन अधिशोषणातून (छिद्रे मोजण्याच्या चाचणीतून) आलेला घनफळाचा आकडा आणि हवेत तापवलेल्या भुकटीतील राखेची टक्केवारी येथे दिल्यास साखरेचे नेमके प्रमाण काढून देता येईल.