व्हीगन: धर्म नाही, पण श्रद्धा आहे

'व्हीगन होणं (म्हणजे मांसच नाही, तर दूध, अंडी असं प्राण्यांपासून मिळणारं सगळंच सोडणं) म्हणजे नवा धर्मच घेणं' असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. ब्रिटनमध्ये हा वाद चक्क लवादापुढे गेला होता. जॉर्डी कासामिजाना हा पठ्ठ्या किडे-पाखरं धडकून मरतील म्हणून शक्यतो बस टाळून पायी जायचा. जानेवारी २०२० मध्ये रोजगार लवादाने त्याचं नैतिक (प्राण्यांना इजा नको म्हणून पाळलेलं) व्हीगनपण समानता कायद्याखाली 'तात्त्विक श्रद्धा' मानलं. म्हणजे देव, पोथी काही नसताना भेदभावापासून संरक्षण मिळालं. गंमत म्हणजे २०१९ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात नुसत्या शाकाहाराला ते नाकारलं होतं, कारण शाकाहारी होण्याची कारणं माणसागणिक वेगळी! मग वजन उतरवायला चहात बदामाचं दूध घालणाऱ्यांचं काय? ते माझ्या लेखी डाएटवालेच.